मिळकत आणि अपराध : ‘मुळशी पॅटर्न’च्या निमित्ताने

वास्तववादी कलाकृती अपराधाकडे वळते तेव्हा तिच्यावर दोन जबाबदाऱ्या येतात. अपराध का घडला हे तिला दाखवायचे असते आणि तो कोणी केला याचा विसरही पडू द्यायचा नसतो. पहिली जबाबदारी कार्यकारणाची, दुसरी नीतीची. कारणांची साखळी जितकी अतूट, तितका कर्त्याचा अवकाश आकुंचित होतो, असे सामान्यतः मानले जाते. प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) या चित्रपटाच्या संदर्भात हे गृहीतक तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

चित्रपटाचा भूगोल काल्पनिक नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पुढे भोसरी, आकुर्डी, चाकण असा उद्योगपट्टा विस्तारत गेला आणि मुळशी तालुक्यातील हिंजवडीच्या शेतांवर संगणक-उद्यान आले. जमिनीला भाव आला, पण जमीन गेल्यावर काय करायचे याचे शिक्षण कोणी दिले नाही. मोहन जोशी यांनी साकारलेला बाप जमीन विकतो आणि अखेर त्याच्यावर दुसऱ्याच्या दारात राबण्याची वेळ येते. त्या अपमानात वाढलेला मुलगा राहुल (ओम भूतकर) टोळीच्या वाटेने जातो आणि हिंसेतच संपतो. योगायोग असा, की ज्या वर्षी हा चित्रपट आला त्याच वर्षी, १५ ऑगस्टला, पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले. त्याच्या हद्दीत हिंजवडीही आहे आणि चाकणही.

राहुलकडे पाहण्याच्या दोन दृष्टी प्रेक्षकाला सहज उपलब्ध असतात. एक करुणेची : परिस्थितीनेच त्याला गुन्हेगार केले. दुसरी न्यायासनाची : हत्यार त्याने उचलले, फळ त्याने भोगावे. पहिली दृष्टी उदार वाटते, परंतु तिच्यात एक अवहेलना दडलेली आहे. ज्याचे प्रत्येक कृत्य परिस्थितीच्या नावे जमा होते, तो माणूस न उरता उदाहरण होऊन बसतो. शिक्षेमुळे अपराध्याचा विवेकशील प्राणी म्हणून सन्मानच होतो, हे हेगेलचे प्रतिपादन कठोर भासले तरी त्याचा रोख या अवहेलनेविरुद्धच आहे. दुसऱ्या दृष्टीचा दोष वेगळा. ती एकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते आणि त्याच्याभोवतीचे सारे साक्षीदारही न ठरता घरी जातात.

या द्वंद्वातून वाट काढण्यास मुळशीचाच इतिहास साहाय्य करतो. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली याच खोऱ्यात सत्याग्रह झाला. ‘जान किंवा जमीन’ ही त्याची घोषणा. अनेक शेतकरी आणि कार्यकर्ते तुरुंगात गेले. कामाच्या आगगाडीवर चाल करून गेल्याबद्दल सेनापती बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा माणसे तुरुंगात गेली ती जमीन जाऊ नये म्हणून. चित्रपटातील मुलगा त्या दिशेने ढकलला जातो तो जमीन गेली म्हणून. संकट एकाच जातीचे, कृत्ये मात्र भिन्न. याचा अर्थ, कारण कितीही प्रबळ असले तरी ते कृत्याला जन्म देण्यापूर्वी एका माणसाच्या हातून जाते.

अर्थात ही तुलना राहुलला हिणवण्यासाठी वापरणे अन्यायाचे होईल. सत्याग्रह्यांपुढे प्रतिपक्ष उभा होता, सामूहिक भाषा होती आणि नेतृत्व होते. राहुलपुढे आहे ते खरेदीखत, ज्यावर सही त्याच्या बापाची. ज्या व्यवहारात आपली संमती नव्हती त्याचे परिणाम वारसाहक्काने भोगणारी ही पिढी आहे. पण म्हणून त्याचा दोष विकत घेणाऱ्यांमध्ये, दलालांमध्ये आणि शासनामध्ये वाटून टाकता येत नाही. वडिलार्जित शेताची वाटणी झाली की प्रत्येकाचा हिस्सा घटतो. उत्तरदायित्व ही तशी मिळकत नव्हे. ते वाटले तरी कोणाच्याच वाट्याचे कमी होत नाही. समाज संपूर्ण दोषी असू शकतो आणि राहुलही संपूर्ण दोषी असू शकतो. कारणमीमांसेने अपराध पुसला जात नाही; तिने आरोपींची यादी तेवढी लांबते.

येथेच चित्रपटाची मर्यादाही स्पष्ट होते. त्याला तुरुंगात फार काळ थांबायचे नाही. त्याचे लक्ष रस्त्यावर आणि टोळीच्या रुबाबावर आहे. त्यामुळे धोक्याची सूचना म्हणून सांगितलेली कथा अधूनमधून मिरवणुकीसारखी भासते. याउलट जाक ओदियार यांचा ‘अं प्रोफेत’ (२००९) हा फ्रेंच चित्रपट एकोणीस वर्षांच्या मलिकबरोबर भिंतीआड राहतो. तो तेथे वाचायला शिकतो आणि खून करायलाही. या दोन्ही शिक्षणांना लागणारा वेळ प्रेक्षकाला सोसावा लागतो. आपल्याकडे तर हा वेळ आणखी विदारक आहे. २०२२ च्या अधिकृत आकडेवारीनुसार भारतातील कारागृहांत दर चार बंद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा दोष अद्याप ठरायचा आहे असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने प्रथमच आरोपी झालेल्याला, कमाल शिक्षेचा एकतृतीयांश काळ कोठडीत गेल्यावर, जामिनाची वाट दाखवली. मृत्युदंडाच्या वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना मात्र ती सवलत नाही. निकालापूर्वीच भोगल्या जाणाऱ्या या काळात हेगेलचा सन्मानही नाही आणि करुणाही नाही; तेथे केवळ तारखा आहेत.

मराठी चित्रपटातील वास्तववादाने जमिनीचा व्यवहार पडद्यावर आणला, हे त्याचे मोठे काम. तारखांची वाट पाहणाऱ्या तरुणाचा काळ पडद्यावर आणणे हे काम शिल्लक आहे. आपण जे केले ते आपणच केले, हे माणसाला उमगले तर त्याच काळात उमगते. आणि ते उमगण्याची संधी त्याला मिळते की नाही, यावरून शिक्षा देणाऱ्या समाजाचीही परीक्षा होते.