प्राण्यांवरील प्रयोग आणि साम्याचा प्रश्न

मनुष्याच्या रोगाचें ज्ञान व्हावें म्हणून निरोगी प्राण्याला मुद्दाम रोगी करणें न्याय्य आहे काय, हा वाद जुना आहे. आणि त्यांतील दोन्ही पक्ष आतां इतके तयारीचे झाले आहेत, कीं पहिल्या वाक्यावरूनच ऐकणारास शेवटचें वाक्य सांगतां यावें. एक पक्ष भूतदयेचें नांव घेतो, दुसरा मरणोन्मुख रोग्याकडे बोट दाखवितो. असा वाद सामान्य रूपांत चालला म्हणजे त्याचा निकाल लागत नाहीं. म्हणून आम्ही येथें एकच रोग घेतों आणि त्या एका रोगापुरतें काय दिसतें तें पाहतों. तो रोग म्हणजे स्वादुपिंडाचा दाह.

जठराच्या मागें, पाठीच्या कण्यासमोर, हें पिंड दडलेलें आहे. दररोज लिटर-दीड लिटर पाचकरस तें आंतड्यांत सोडतें. या रसांत मांस पचविण्याचें सामर्थ्य आहे. आणि पिंड स्वतः मांसाचेंच असल्यामुळें निसर्गानें अशी योजना केली आहे, कीं रसांतील हीं द्रव्यें पिंडांत असेपर्यंत निद्रिस्त राहावीं व आंतड्यांत उतरल्यावरच जागीं व्हावीं. तीं घरांतच जागीं झालीं म्हणजे पिंड स्वतःलाच पचवूं लागतें. प्राग येथील हान्स कियारी यांनीं १८९६ सालीं ही कल्पना मांडली. पित्ताशयांतील खडा नलिकेच्या मुखाशीं अडकणें आणि अतिमद्यपान हीं या रोगाचीं दोन प्रमुख कारणें होत. वरच्या पोटांत उठलेली कळ पाठीपर्यंत जाते. ज्यांनीं ती जवळून पाहिली आहे त्यांस तिचें वर्णन नको, आणि ज्यांनीं पाहिली नाहीं त्यांस तें खरें वाटावयाचें नाहीं. बहुतेक रोगी कांहीं दिवसांत बरे होतात. थोड्यांचें पिंड मृत होऊं लागतें, आणि मग जीवावर बेततें.

रोग पेटत असतां त्या पिंडाचा तुकडा काढून पाहण्याची सोय नाहीं. शिवाय रोगी दवाखान्यांत येतो तो आरंभ होऊन कित्येक तास, कधीं दिवस, लोटल्यावर. पहिल्या घटकेंत काय घडतें हें पाहावयाचें, तर रोग आपल्याच हातानें, आपण ठरविलेल्या वेळीं, उत्पन्न केला पाहिजे. येथें प्राण्याची गरज लागते. फ्रान्समध्यें क्लोद बर्नार यांनीं १८५६ सालीं कुत्र्याच्या स्वादुपिंडनलिकेंत पित्त व ऑलिव्हचें तेल सोडून हा दाह उत्पन्न केला. (बर्नार यांच्या पत्नीस व मुलींस त्यांचे प्रयोग असह्य झाले होते, आणि पुढें पत्नी विभक्त झाली, म्हणजे आमचा हा वाद त्या घरांतही मिटला नाहीं.) १९०१ सालीं बाल्टिमोर येथें यूजीन ओपी यांना एका रोग्याच्या शवांत नलिकेच्या मुखाशीं अडकलेला खडा आढळला. वाट अडल्यामुळें पित्त उलटून स्वादुपिंडांत शिरलें असावें, असें अनुमान त्यांनीं केलें, आणि कुत्र्यांवर तें पडताळून पाहिलें. पुढें दीर्घकाळ हेंच स्पष्टीकरण मान्य होतें. १९९३ सालीं लेर्श, स्टीर प्रभृतींनीं ओपॉसम नांवाच्या, पोटाला पिशवी असलेल्या अमेरिकन प्राण्याची स्वादुपिंडनलिका अशा रीतीनें बांधली, कीं पित्ताला आंत शिरकावच राहूं नये. तरीही दाह झालाच. पित्त नव्हे, वाट बंद होणें हेंच आरंभाचें कारण, हें ज्ञान कोणत्याही रोग्याच्या खाटेपाशीं बसून मिळालें नसतें. प्राण्यांवरील प्रयोगांपासून कांहींच निष्पन्न होत नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं एवढें तरी मान्य करावें.

परंतु या सर्व प्रयोगांचा पाया साम्य हा आहे. उंदराचें पिंड आपल्या पिंडासारखें म्हणूनच उंदीर उपयोगाचा. आणि प्रयोग करण्याची मुभा मात्र भेदावर उभी आहे: उंदीर आपल्यासारखा नाहीं, म्हणूनच त्याला रोगी करण्यास हरकत नाहीं. एकाच तोंडानें दोन्ही गोष्टी बोलणारा मनुष्य न्यायसभेंत टिकणार नाहीं. यावर उत्तर असें देतात, कीं साम्य शरीराचें व भेद बुद्धीचा. तें काव्यमीमांसेंत उपयोगी पडेल. पोटांतल्या कळेला बुद्धीची आवश्यकता नाहीं.

तरीही प्रयोग समूळ बंद करा असें आम्हांस म्हणवत नाहीं. १९९६ सालीं व्हिटकॉम्ब व त्यांचे सहकारी यांनीं, ज्या कुटुंबांत हा दाह पिढ्यान्‌पिढ्या उतरतो त्यांच्या अभ्यासावरून, ट्रिप्सिनच्या बीजद्रव्यांतील एक आनुवंशिक दोष शोधून काढला. कियारींच्या कल्पनेला इतका सबळ आधार माणसांपासून मिळाला, प्राण्यांपासून नव्हे. पण तो दोष खरोखरच दाह उत्पन्न करतो कीं काय हें पाहण्यासाठीं पुढें तसाच दोष घातलेले उंदीर निर्माण करावे लागले. माणसांपासून निघालेली वाट पुन्हा पिंजऱ्याशींच आली.

आमचा आक्षेप निराळा आहे, आणि तो नेदरलँड्समधील एका घटनेवरून स्पष्ट होईल. तीव्र दाहाच्या रोग्यांना उपकारक जंतु पोटांत दिल्यास आंतड्यांतील घातक जंतूंचा फैलाव थांबेल, अशी आशा होती. उंदरांत गुण दिसला होता. २००८ सालीं त्या देशांतील रुग्णालयांच्या प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध झाला. जंतु दिलेल्या १५२ रोग्यांपैकीं २४ मरण पावले. न दिलेल्या १४४ पैकीं ९. जंतु घेतलेल्यांपैकीं नऊ जणांच्या आंतड्यांचा रक्तपुरवठा तुटला होता, दुसऱ्या गटांत तसें एकही उदाहरण नव्हतें. आतां उंदरांवरील प्रयोग पाहा: त्यांना हे जंतु रोग उत्पन्न करण्याच्या कांहीं दिवस आधींपासून दिलेले होते. कोणता रोगी आपल्याला पुढल्या आठवड्यांत स्वादुपिंडाचा दाह होणार म्हणून औषध घ्यावयास येतो? सगळा अनर्थ एवढ्यामुळेंच झाला असें आम्ही म्हणत नाहीं. पण औषध आधीं व रोग मागाहून, हा क्रम या शाखेंत फार रूढ आहे, कारण त्यानें निकाल चांगला दिसतो. ज्या प्रश्नाचें उत्तर कोणत्याही रोग्याला नको आहे तो विचारण्यासाठीं शेंकडों प्राण्यांना कळा देणें, हा केवळ प्रयोगपद्धतीचा दोष नव्हे. तें क्रौर्यच आहे, आणि तें करणारास तें क्रौर्य वाटत नाहीं म्हणून अधिकच भयंकर.

वेदनाशामक औषधाचेंही तसेंच. भारतांत १९६० च्या कायद्याचें धोरण असें आहे, कीं प्राण्यांवरील प्रयोग शक्य तेथें टाळावे, आणि करणें झाल्यास शक्य तोंवर गुंगीच्या औषधाखालीं करावे. पण या रोगांत शस्त्रक्रियेची गुंगी उतरल्यावरच खरी कळ सुरू होते. तेव्हां औषध देण्यास पुष्कळ प्रयोगकर्ते कचरतात; औषधानें दाहाचें स्वरूप बदलेल आणि निकाल बिघडेल, असें ते म्हणतात. भीति अगदींच निराधार नाहीं. उंदरांत मॉर्फीननें हा दाह वाढल्याचें दिसून आलें आहे. परंतु रुग्णालयांत येणाऱ्या मनुष्याला सामान्यतः वेदनाशामक दिलें जातें. मग औषधावांचून तळमळणारा उंदीर कोणत्या रोग्याची प्रतिमा आहे? औषध बदला, मात्रा शोधा; पण औषध न देणें हीच शास्त्रीय शुद्धता, असें मानण्यास आम्ही तयार नाहीं.

सर्वच ठिकाणीं दया व सत्य अशीं एकत्र येत नाहींत, हेंही सांगितलें पाहिजे. ऑस्ट्रेलियांतील एका हिरव्या बेडकाच्या त्वचेंत प्रथम सांपडलेलें सेरुलीन हें द्रव्य देऊन १९७७ सालीं लाम्पेल व केर्न यांनीं उंदरांत जो दाह उत्पन्न केला तो सौम्य असतो, प्राणी त्यांतून सावरतो, आणि म्हणून ही पद्धति सर्वत्र पसरली. पण माणसें मरतात तीं त्या सौम्य दाहानें नव्हे. उलट १९७५ सालीं लोंबार्डी प्रभृतींनीं कोलीनविरहित व एथिओनीनयुक्त आहार घालून मादी उंदरांत जो दाह उत्पन्न केला तो अतितीव्र असतो. त्यांत बहुतेक प्राणी चार-पांच दिवसांत मरतात, आणि किती मेले हीच औषधाच्या गुणाची मोजणी. येथें रोग्याशीं साम्य जितकें अधिक तितकें प्राण्याचें दुःख अधिक. या पद्धतीवर सरसकट बंदी घाला असें आम्ही म्हणत नाहीं. पण औषध रोग जडल्यावर दिलेलें असावें, आणि मरण अटळ दिसतांच प्राण्यास वेदनेवांचून संपवावें, शेवटच्या श्वासाची वाट पाहूं नये. यानें आंकडा थोडा कमी अचूक येईल. तेवढी तूट प्रयोगकर्त्यानें आपल्या निबंधांत सोसावी.