पाण्यावर नाव कुणाचे?

अंबडची मत्स्योदरी देवी ज्या टेकडीवर आहे ती टेकडी माशाच्या आकाराची, म्हणून देवीला हे नाव, असे गावातली माणसे सांगतात. नवरात्रात त्या टेकडीवर पाय ठेवायला जागा उरत नाही. खाली गावात पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारी पुष्करणी बारव आहे. देऊळ आणि बारव या दोन्हींशी लोक अहिल्याबाई होळकरांचे नाव जोडतात. अठराव्या शतकात अंबडचा परगणा होळकरांकडे होता. १८१८च्या मंदसोर तहानंतर होळकरांचा दक्षिणेतला मुलूख गेला आणि अंबड पुढे निजामाच्या राज्यात आले. परगण्याचा तालुका झाला, १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून जालना जिल्हा वेगळा झाला. राज्ये आणि जिल्हे बदलत गेले, उन्हाळ्यातली पाण्याची ओढाताण मात्र चालूच राहिली.

२०१२चा पावसाळा या जिल्ह्याला कोरडा गेला. २०१३च्या उन्हाळ्यात जायकवाडी धरण मृतसाठ्यावर आले. अंबड-घनसावंगीच्या पट्ट्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या आणि वर्षानुवर्षे जपलेल्या झाडांवर शेतकऱ्यांना स्वतःच्या हाताने कुऱ्हाड चालवावी लागली. गावोगाव टँकर सुरू झाले. काही सरकारी, काही संस्थांचे, काही पुढाऱ्यांचे. मराठवाड्यातल्या प्रत्येक टंचाईत दिसणारे दृश्य तेव्हाही दिसले. टँकरच्या पाठीवर देणाऱ्याचे नाव आणि फोटो, समोर घागरी-हंड्यांची रांग.

तहानलेल्याला पाणी पाजण्यासारखे पुण्य नाही, हे या मातीत प्रत्येकाने लहानपणापासून ऐकलेले असते. मग नगरपरिषद नळाला पाणी सोडते तेव्हा ती पुण्य करते का? नगरसेवक आपल्या प्रभागात टँकर आणतो तेव्हा तो दाता ठरतो का? आणि हंडा घेऊन उभी राहिलेली बाई याचक ठरते का? प्रश्न कारभाराचा वाटतो, पण त्याचे मूळ धर्मविचारात आहे, आणि उत्तरही तिथे सापडते.

धर्मशास्त्राने सत्कर्मांचे दोन मोठे गट केले. यज्ञयाग ते इष्ट. विहिरी, तळी, देवळे, बागा, अन्नछत्रे ते पूर्त. यज्ञाचा अधिकार मोजक्यांना होता, पूर्ताचे दार स्त्रियांना आणि शूद्रांनाही उघडे होते. अहिल्याबाईंनी देशभर बांधलेले घाट, विहिरी, धर्मशाळा हे सगळे पूर्तच. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या आपल्या बृहद् इतिहासात या पूर्तकर्माचा विधी उलगडून दाखवला आहे. त्यातला एक भेद फार मोलाचा आहे. दानात देणारा असतो तसा घेणाराही असतो. गाय दिली तर कुणीतरी ती स्वीकारावी लागते, आणि स्वीकारणारा उपकाराखाली येतो. तळ्याचे तसे नाही. तळे बांधणारा त्याचा उत्सर्ग करतो, म्हणजे आपली मालकी सोडून ते सर्व प्राणिमात्रांसाठी मोकळे करतो. तिथे स्वीकारणारा कुणी एक नसतो, त्यामुळे उपकृत होणाराही कुणी नसतो. बांधणाऱ्याला पुढे त्या तळ्याचे पाणी पिता येते, पण इतर चौघांसारखे, त्यांच्यातला एक म्हणून.

हाच विचार दुसऱ्या परंपरेतही तितक्याच स्वच्छपणे आलेला आहे. मदिनेत रूमा नावाची गोड्या पाण्याची विहीर होती. ती विकत घेऊन सर्वांसाठी मोकळी करील आणि तिथे आपली बादली इतरांच्या बादलीच्या बरोबरीची ठेवील त्याला स्वर्गात याहून चांगले मिळेल, असे पैगंबरांनी सांगितले, आणि हजरत उस्मान यांनी ती विकत घेऊन मोकळी केली, अशी हदीसमध्ये नोंद आहे. विहीर घेणाऱ्याची बादलीसुद्धा रांगेतच लागायची. अंबडसारख्या गावात हिंदू आणि मुसलमान एकाच जलवाहिनीवर जगतात, तिथे या दोन परंपरा पाण्यापाशी येऊन एकच गोष्ट सांगतात, याला महत्त्व आहे.

तिसरी आठवण तर हाकेच्या अंतरावरची. जायकवाडीच्या जलाशयाला नाथसागर म्हणतात ते पैठणच्या एकनाथ महाराजांमुळे. नाथांच्या वाड्यात श्रीखंड्या नावाचा गडी बारा वर्षे कावडीने पाणी भरत होता अशी कथा आहे. द्वारकेहून एक भक्त देवाचा शोध घेत आला, तेव्हा कळले की तो गडी म्हणजे प्रत्यक्ष श्रीकृष्ण. ओळख पटली आणि श्रीखंड्या दिसेनासा झाला. नाथषष्ठीच्या सुमारास श्रीखंड्या ज्यात पाणी ओतायचा तो वाड्यातला रांजण भाविक आजही गोदावरीच्या पाण्याने भरतात. या कथेत देवाने घरातले सगळ्यांत हलके समजले जाणारे काम घेतले, आणि नाव उघड झाल्यावर तो तिथे थांबला नाही. टँकरवर स्वतःचा फोटो चिकटवणाऱ्यांनी पैठणची ही कथा एकदा मनावर घ्यावी.

परंपरेचे हे उजळ पान वाचताना दुसरे पान दडवून चालणार नाही. सर्व प्राणिमात्रांसाठी सोडलेल्या तळ्यांवर गुरे पाणी पीत होती आणि माणसांना मज्जाव होता. महाडची गोष्ट नगरपालिकेच्याच कारभाराची आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळाने ऑगस्ट १९२३मध्ये मंजूर केला. महाड नगरपालिकेने १९२४मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. खटला दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७मध्ये उच्च न्यायालयाने सवर्णांचे अपील फेटाळले.

अंबड त्या वेळी निजामाच्या राज्यात होते, त्यामुळे बोले ठराव तिथे लागू नव्हता. पण १९३४मध्ये बाबासाहेब सहकाऱ्यांसह दौलताबादला गेले, किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदाच्या पाण्याने त्यांच्यातल्या काहींनी तोंड आणि पाय धुतले, आणि हौद बाटवला म्हणून त्यांच्यावर जमाव धावून आला. किल्ल्यात सोडले ते आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर. दौलताबाद आणि अंबड तेव्हा एकाच जिल्ह्यात होते. तेव्हा पूर्तधर्माचा आदर्श कितीही उदात्त असला, तरी तो पाळला जातोय की नाही याची कसोटी रांगेत शेवटी उभ्या असलेल्या माणसापाशीच लागते.

स्वातंत्र्यानंतर पूर्ताचे हे काम राजे-सरदारांकडून आणि दानशूरांकडून लोकनियुक्त संस्थांकडे आले. महाराष्ट्राच्या १९६५च्या नगरपरिषद कायद्यात पाणीपुरवठा नगरपरिषदेच्या कर्तव्यांत धरलेला आहे. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतही तो आहे. करातून आणि शासनाच्या अनुदानातून उभी राहिलेली पाण्याची टाकी ही पहिल्या दिवसापासून सर्वांची असते. तिचा उत्सर्ग जनतेने जनतेसाठीच केलेला असतो. नगराध्यक्ष, मुख्याधिकारी, व्हॉल्व्ह फिरवणारा कर्मचारी हे तिचे राखणदार. राखणदाराला दात्याचे पुण्य मागता येत नाही. त्याची निष्ठा मोलाची आहे आणि तिचा आदर व्हावा, पण ती वेगळी गोष्ट.

यावर कारभार हाकणारी माणसे एक खरी अडचण मांडतात. नदीचे पाणी देवाचे असेल, पण ते पैठणहून चढावर आणायला वीज लागते आणि विजेचे बिल देव भरत नाही. पैठणहून जालन्याकडे जाणारी जलवाहिनी अंबडवरून जाते. २०१३मध्ये जायकवाडीचे पाणी या वाहिनीने जालन्याला पोचले. मोठे शहर आणि छोटे गाव एका वाहिनीवर आले की कुणाला किती पाणी, वीजबिलाचा वाटा कुणाचा किती, फुटलेला पाइप कुणी जोडायचा, असे प्रश्न आलेच. छोट्या नगरपरिषदेच्या हातात घरपट्टी आणि पाणीपट्टी, बाकी भिस्त मुंबईहून येणाऱ्या अनुदानावर. जकात १९९९मध्येच गेली. दुष्काळाच्या वर्षी बाजार बसतो, शेतकऱ्याच्या हातात पैसा नसतो, वसुली घटते, आणि नेमक्या त्याच वर्षी खर्च वाढतो.

म्हणून पाणीपट्टी ही पाण्याची किंमत नव्हे, ते वाहून आणण्याच्या श्रमातला प्रत्येकाचा वाटा आहे, असे समजणे पूर्तधर्माला धरून होईल. ज्याला झेपते त्याने तो वाटा वेळेवर द्यावा, थकवू नये. पण झेपत नाही म्हणून कुणाचे पाणी तोडू नये, आणि तिजोरी रिकामी आहे म्हणून नगरपरिषदेलाही हात वर करता येत नाहीत. रतलाम नगरपालिकेने गटारे बांधायला पैसा नाही अशी सबब सर्वोच्च न्यायालयात सांगितली होती. जुलै १९८०च्या निकालात न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी ती फेटाळली. माणसाच्या किमान प्रतिष्ठेचे काम पैशाअभावी टाळता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. काही लोकांना तो निकाल कठोर वाटतो. उघड्या गटारीशेजारी राहणाऱ्याला मात्र तो कठोर वाटणार नाही.

दुष्काळात पैशाइतकाच प्रश्न क्रमाचा असतो. राज्याच्या २००३च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. २०११मध्ये तो बदलून शेती दुसऱ्या क्रमांकावर आली. पहिल्या क्रमांकाला कुणीच हात लावला नाही. टंचाईत खासगी विहीर सरकार अधिग्रहित करते, कारण खासगी मालकीची हद्द तहानेपाशी संपते हे कायद्यानेही मान्य केले आहे. मोसंबी वाळत असताना आपली विहीर गावाला देणाऱ्या शेतकऱ्याचे दुःख मोठे असते. तो खरोखर स्वतःचे काही सोडत असतो. त्याचे नाव मात्र कुठल्याच टँकरवर लागत नाही.

वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडावे, अशी मराठवाड्याची मागणी आहे. तिला २००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातल्या समन्यायी वाटपाच्या तत्त्वाचा आधार आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६मध्ये हे तत्त्व उचलून धरले. नोव्हेंबर २०२३मध्ये नगर-नाशिकच्या धरणांतून याच तत्त्वाने पाणी खाली आले. नदीकाठी वर राहणाऱ्याचा पाण्यावर जास्त हक्क नाही, हे अंबडचे म्हणणे रास्तच आहे. पण तोच न्याय गावातल्या पाइपालाही लागतो. जलकुंभाजवळच्या गल्लीत मोटार लावून पाणी ओढले जाते आणि टोकाच्या वस्तीत नळातून नुसती हवा येते, तेव्हा टोकाची वस्ती म्हणजे गावातला मराठवाडाच असतो. नाशिककडे बोट दाखवताना तिची तहान आधी मोजावी लागेल.

दुष्काळाला आपल्याकडे अस्मानी म्हणतात आणि राज्यकर्त्यांच्या जुलमाला सुलतानी. शेजारच्या जांबेत, आजच्या घनसावंगी तालुक्यात, १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी तरुणपणी १६३०चा महादुष्काळ पाहिला होता. आजच्या टंचाईतही पाऊस पडला नाही हे अस्मानी खरे. पण बारवेत गाळ आणि कचरा साचला, मुख्य वाहिनीची गळती वर्षभर तशीच राहिली, टंचाई आराखडा मार्च उलटल्यावर कागदावर आला, याचा दोष आभाळाला देता येत नाही. जुन्या ग्रंथकारांना हे चांगले ठाऊक होते. विहीर, बाग, तळे, देऊळ यांचा जीर्णोद्धार करणाऱ्याला मूळ बांधणाऱ्याइतकेच फळ मिळते, असे विष्णुधर्मसूत्रात सांगितले आहे. कौटिल्याने नवे तळे बांधणाऱ्याला पाच वर्षांची करमाफी दिली, मोडके तळे नीट करणाऱ्याला चार वर्षांची. दुरुस्तीला एवढा मान देणाऱ्या परंपरेत आज भूमिपूजनाला मंडप पडतो आणि गाळ काढायला माणूस मिळत नाही, हे वेदनादायक आहे.

२०२१-२२पासून राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदा प्रशासकांच्या हाती होत्या. डिसेंबर २०२५मध्ये निवडणुका झाल्या आणि लोकांनी निवडलेली माणसे पुन्हा सभागृहात बसू लागली. पुढचा कोरडा पावसाळा कधी येईल हे त्यांच्या हातात नाही. कुठल्या वस्तीला कोणत्या दिवशी, किती वेळ पाणी, याचे वेळापत्रक नगरपरिषदेच्या दारात मोठ्या अक्षरांत लावणे त्यांच्या हातात आहे. टँकरच्या फेऱ्यांची वही कुणालाही चाळता येईल अशी ठेवणे, टंचाईत टोकाच्या वस्तीचा व्हॉल्व्ह आधी उघडणे, पावसाआधी बारवेचा गाळ काढून घेणे, आणि सार्वजनिक पैशातल्या टँकरवर कुणाचेही नाव लागणार नाही असा ठराव पहिल्या काही सभांतच करणे, हेही त्यांच्याच हातात आहे.