रोजच्या वाटेवरचे लक्ष

सकाळचा चहा, गरम पोळीचा वास, दळण, भाजी, एवढ्यातच आमचा दिवस जातो. मधेच वर्तमानपत्रात कोठे दरड कोसळल्याचे वाचतो आणि घोट घशात अडकतो. दुसऱ्याच्या घरी आकांत असता आम्ही आपल्या लहानशा सुखात रमावे काय?

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव डोंगराच्या मातीखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे दगावली. ही वार्ता बाहेर कळवली ती एका एस. टी. चालकाने. नेहमीचे गाव जागेवर नाही, हे त्याच्या ध्यानी आले. तो काही मोठे कार्य करण्यास निघाला नव्हता. रोजची फेरीच करीत होता. पण त्याचे लक्ष वाटेवर होते.

चहा टाकून दिल्याने कोणाचे दुःख हलके होत नाही. तो आनंदाने घ्यावा. मग दळण आणताना शेजारचे दार आज बंद का, रविवारच्या वर्गात नेहमीचे एक मूल का आले नाही, एवढे पाहावे. आणि पाहून पुढे न जाता विचारावे. जवळचे दार ज्याला दिसत नाही, त्याची दूरच्या बातमीवरची हळहळ चहाबरोबरच निवून जाते.