हिरवा रंग उतरवताना



या वेळचा चिंतनाचा प्रश्न असा: एखादी वस्तू पूर्ण पैसे मोजून घेतली, तर तिच्याबरोबर तिचा मानही आपला होतो का?

प्रश्न पुस्तकी वाटेल. पण आम्हा इंदूरच्या सेवेकऱ्यांपुढे तो एका ट्रकमुळे उभा राहिला होता. २००४ च्या उज्जैनच्या सिंहस्थात अन्नदानाचं सामान वाहायला दणकट गाडी हवी होती. आपल्यातले एक गुरुबंधू बांधकामाच्या व्यवसायातले, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. जबलपूरला सैन्याच्या जुन्या गाड्यांच्या लिलावात त्यांनी एक शक्तिमान ट्रक घेतला. आधी सेवेला लावायचा, मग स्वतःच्या कामाला, असं ठरलं.

मुलांना शक्तिमान म्हटलं की टीव्हीवरचा आठवतो. हा त्याच्या कितीतरी आधीचा. जर्मनीच्या 'मान' कंपनीच्या परवान्याने (नावच मान, हा योगायोग!) हे ट्रक १९५९ पासून जबलपूरच्या सरकारी कारखान्यात तयार होऊ लागले आणि १९९६ पर्यंत होत राहिले. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत याच गाड्यांनी जवान आणि रसद वाहिली.

मग अशी गाडी सैन्य विकतं का? तर ती 'कंडम' झाली म्हणून. हा शब्द ऐकून आमच्यातल्या काहींनी नाकं मुरडली. पण कंडम म्हणजे निरुपयोगी नव्हे. डोंगरात, रात्रीच्या वेळी, मागे जवान बसलेले असताना गाडी एकदाही बंद पडून चालत नाही. तेवढा भरवसा राहिला नाही की सैन्य ती बाजूला काढतं. तांदळाची पोती आणि पातेली वाहायला तीच गाडी उत्तम असते. एका कामाला पुरा न पडणारा दुसऱ्या कामाला पुरून उरतो. घरातल्या निवृत्त माणसांकडे पाहतानाही हे लक्षात ठेवलेलं बरं.

लिलावाची एक अट आम्हाला फार आवडली: 'जशी आहे, जिथे आहे'. म्हणजे बॅटरी बसली असेल, टायर कडक झाले असतील, रबरी नळ्यांना चिरा गेल्या असतील, तरी तक्रार नाही. सद्गुरू आपल्यालाही याच अटीवर घेतात. फक्त ते आपल्याला तसंच ठेवत नाहीत.

गाडी चालू झाली, विमा आणि तात्पुरती नोंदणी झाली, आणि मग खरा प्रश्न आला. गाडीचा रंग.

सैन्याच्या गाडीच्या पाटीवर वर तोंड केलेला बाण असतो. गाडी विकली की तो नंबर जातो. 'नमुना २१' मधला विक्रीचा दाखला दाखवून आरटीओकडे नवा नंबर घ्यावा लागतो. आणि १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत एक नियम आहे, १२१ वा: संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कुठल्याही गाडीला तो ऑलिव्ह हिरवा रंग नको. गाडी तुमची, इंजिन तुमचं, पण रंग तुमचा नाही.

दादांबरोबर गेलेली तरुण मुलं म्हणाली, "रंगाचं इंदूरला गेल्यावर बघू. हिरवी गाडी पाहिली की नाक्यावर कुणी अडवत नाही, बाकीचे ट्रकवालेसुद्धा वाट देतात." दादा म्हणाले, "म्हणूनच आधी रंग." ते दोन दिवस जबलपूरलाच थांबले, गाडी निळी करून घेतली आणि मगच निघाले.

इकडे आमच्या स्वयंपाकघरात यावरून बरीच चर्चा झाली. दोन दिवस लॉजमध्ये फुकट काढण्याइतकं यात काय होतं? चार दिवस रंग राहिला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं?

आम्हाला जे पटलं ते असं. हिरव्या गाडीला वाट देणारा माणूस रंगाला वाट देत नाही. त्या रंगामागे कुणीतरी थंडीत पहारा देतंय, हे त्याच्या मनात असतं. तो मान ज्यांनी मिळवला ते वेगळेच, आणि आपण वापरतो. शिवाय तो विश्वासाने वाट देतो. चार जणांनी त्याला असं फसवलं की पाचव्या वेळी तो खऱ्या गाडीलाही थांबवून विचारणार. म्हणजे नुकसान आपलं नाही, त्याचंही नाही, तर ज्यांचा तो रंग आहे त्यांचं. सैनिक नसताना सैनिक वाटावं म्हणून तसा वेष करणं कायद्याने गुन्हा ठरवलंय, तेही याचसाठी असणार.

आमच्यातल्या एका काकूंचा भाऊ सैन्यात होता. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. "रंग खरवडणं म्हणजे त्या गाडीची सेवा पुसणं नाही का?" हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नव्हता. त्याला उत्तर दिलं ते सत्संगाला येणाऱ्या, महूच्या एका निवृत्त सुभेदारांनी. ते म्हणाले, "काकू, माझी वर्दी ट्रंकेत आहे. ती घालून मी भाजी आणायला जात नाही, म्हणून माझी नोकरी खोटी झाली का?" काकू हसल्या. केबिनमधली कारखान्याची छोटी पाटी दादांनी तशीच ठेवली होती. आठवण म्हणून तेवढी पुरे.

तेव्हाचे मध्य प्रदेशातले रस्ते आठवा! जबलपूरहून भोपाळमार्गे सुमारे पाचशे किलोमीटर. जड स्टिअरिंग, त्यात ड्रायव्हरभैयांनी गाडी चाळिसाच्या पुढे नेलीच नाही. बरोबर दिलेल्या दशम्या दुसऱ्या दिवशीच संपल्या. तिसऱ्या दिवशी मंडळी पोचली. नाक्यानाक्यावर रांगेत उभी राहून, सगळ्यांसारखी कागदपत्रं दाखवून.

आता हे आपल्याला कुठे लागू होतं? गाडीच्या काचेवर 'सेवा' लिहिलेलं स्टिकर असतं. ते पाहून पार्किंगवाला आत सोडतो आणि आपण लग्नाला निघालेले असतो. प्रसादाच्या रांगेत "आम्ही महाराजांचीच माणसं" म्हणून पुढे जातो. आजोबांच्या नावावर नातू ओळख काढतो. माळ विकत मिळते, शाल मिळते, स्टिकर तर छापूनच घेता येतं. पण सद्गुरूंनी जे तप केलं त्यातलं काहीही या वस्तूंबरोबर आपल्याकडे येत नाही. खूण जपायची ती आपल्या वागण्याला लगाम बसावा म्हणून. ती दाखवून सवलत घेतली की आपण दुसऱ्याच्या रंगात फिरतो.

मग मान मिळतो कसा? सिंहस्थात त्या निळ्या गाडीला कुणी सलाम केला नाही. गर्दीमुळे तिला वेळ लागायचा, म्हणून आम्ही पहाटे तीनला खिचडी चढवायचो. आठ-दहा दिवसांनी तंबूंमधली लहान मुलं ओरडायला लागली, "नीली गाड़ी आ गई!" आणि पुढची माणसं आपणहून बाजूला होऊन वाट द्यायला लागली.

या आठवड्यात घरी सगळ्यांनी मिळून दोन गोष्टींवर बोलावं. आपल्या घरात दुसऱ्याच्या मानावर चालणारी कोणती खूण आहे? आणि कोणत्या माणसाला आपण न बोलता 'कंडम' ठरवलंय? उत्तरं ग्रुपवर टाकलीच पाहिजेत असं नाही. घरातल्या घरात बोलणं झालं तरी पुष्कळ.

सद्गुरुचरणी अर्पण.