तुमचीही तिथं गरज आहे

दारू सोडायचीच, असं मनाशी शंभरदा ठरवलेला माणूस मीटिंगच्या दारापर्यंत येतो आणि तिथंच घुटमळतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेची, म्हणजे ‘एए’ची सभा कुठल्या शाळेत किंवा चर्चच्या कुठल्या खोलीत भरते, कोणत्या वारी, किती वाजता, ही सगळी चौकशी त्यानं केलेली असते. तरी पाय उचलत नाही. कुणी ओळखीचं भेटलं तर? उद्या गल्लीत बोभाटा झाला तर? या भीतीच्याही तळाशी आणखी एक प्रश्न असतो. घरच्यांना इतकी वर्षं रडवलं, आता चार परक्या माणसांच्या गळ्यात आपलं ओझं कशाला घालायचं?

या प्रश्नाचं उत्तर एएच्या जन्मातच आहे.

मे १९३५. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं ॲक्रन शहर. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात वावरलेले बिल विल्सन एका व्यवहारासाठी तिथं आले होते आणि तो व्यवहार फिसकटला होता. दारू सुटून त्यांना जेमतेम पाच महिने झाले होते. परकं शहर, हातात अपयश, शनिवार-रविवार तोंडावर. हॉटेलच्या लॉबीत एका टोकाला बार गजबजलेला आणि दुसऱ्या टोकाला टेलिफोन, शेजारी शहरातल्या चर्चची यादी. विल्सन टेलिफोनकडे वळले. त्यांनी एका धर्मगुरूंना फोन लावला आणि शहरातल्या कुणातरी दारुड्याशी गाठ घालून द्या, अशी विनंती केली.

त्या क्षणी त्यांना स्वतःसाठी कुणीतरी हवं होतं. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी कितीतरी व्यसनी माणसांना समजावून पाहिलं होतं. त्यातल्या एकाचीही दारू सुटली नव्हती, मात्र त्या धडपडीत ते स्वतः दारूपासून दूर राहिले होते. आता टिकायचं तर दुसऱ्या एका दारुड्याशी बोलायलाच हवं, हे त्यांना उमगलं होतं.

ओळखीओळखीतून गाठ पडली ती डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदांशी. पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. प्रत्यक्षात बोलणं कित्येक तास चाललं. उपदेश डॉक्टरांनी आयुष्यभर ऐकला होता. दारूच्या गर्तेतून गेलेला माणूस स्वतःची कहाणी सांगतोय, हा अनुभव नवा होता. त्यानंतरही डॉक्टर एकदा घसरले. पण १० जून १९३५ नंतर त्यांनी दारूला हात लावला नाही. तोच एएचा स्थापना दिवस मानला जातो.

आजही एएच्या खोलीत हेच घडतं. समोरचा माणूस उठून आपलं नाव सांगतो, मी मद्यपी आहे म्हणतो, आणि स्वतःबद्दल बोलतो. सकाळी दात घासण्याआधी लागणारा घोट, बायकोच्या पर्समधून काढलेले पैसे, मुलाच्या शाळेत झोकांड्या खात केलेला तमाशा. ऐकणाऱ्यांपैकी कुणी नाक मुरडत नाही. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. दारू थांबवण्याची इच्छा, एवढी एकच अट. बोलायचं नसेल तर नुसतं ऐकलं तरी चालतं. वीस वर्षं सोबर असलेला माणूसही तिथं नियमानं येतो, कारण आपली पहिली संध्याकाळ विसरणं त्याला परवडणारं नसतं. थरथरत्या हातानं चहाचा कप धरणारा नवा माणूस त्याला ती आठवण करून देतो. त्या खोलीत नव्या माणसाचं मोल सर्वांत मोठं असतं ते यासाठी.

एक काळजी मात्र घ्यावी. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकाएकी दारू तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही धोक्यात येतो. म्हणून आधी डॉक्टरांना भेटावं. मीटिंग म्हणजे औषधोपचार नव्हे, उपचारानंतरचं आयुष्य निभावून नेणारी सोबत आहे. आणि ही सोबत घरच्यांनाही लागते. विल्सन यांच्या पत्नी लोइस यांच्या पुढाकारानं १९५१ मध्ये कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन सुरू झालं. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रामध्येही व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालतो. नवरा यायला तयार नसला तरी तिनं आपल्यापुरतं जावं. तिचं दुःख त्याच्या होकारासाठी ताटकळत ठेवायचं कारण नाही.

एका सभेत मन रमलं नाही तर दुसरीत जावं. मध्ये पाय घसरला तर पुन्हा जावं; डॉ. बॉबही घसरून उठले होते. आयुष्यभराची शपथ आज घ्यायची नाही. फक्त आजचा दिवस प्यायचं नाही आणि जवळची सभा गाठायची. दारात जो भेटेल त्याला सांगा, ‘मी पहिल्यांदाच आलोय.’ त्या एका वाक्यानं तुमची वाट सुरू होईल आणि आतल्या कुणाचा तरी आजचा दिवस सावरला जाईल.