शक्ती आणि तिचा अधिकारी

एखाद्या वस्तूत शक्ती आहे असे आपण म्हणतो, तेव्हा ती शक्ती त्या वस्तूच्या आत कोठे तरी साठून राहिलेली असते काय? आपल्या दर्शनकारांनी या प्रश्नावर पुष्कळ खल केला आहे. प्राभाकर मीमांसकांनी शक्ती हा एक स्वतंत्र पदार्थच मानला. अग्नी तोच, लाकूड तेच. परंतु विशिष्ट मणी जवळ आणला की अग्नी जाळत नाही आणि मणी दूर केला की पुन्हा जाळू लागतो. तेव्हा अग्नीच्या स्वरूपाहून निराळी अशी त्याची दाहशक्ती असली पाहिजे आणि मणी तिलाच कुंठित करीत असला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद. नैयायिकांना तो पटला नाही. कार्य घडते ते एकट्या अग्नीने घडत नाही, संपूर्ण कारणसामग्रीने घडते, आणि प्रतिबंधकाचा अभाव हाही त्या सामग्रीचाच एक घटक होय. मग अग्नीच्या पोटात निराळी शक्ती कल्पिण्याचे प्रयोजन काय, असे त्यांनी विचारले.

हा वाद केवळ पोथीत शोभणारा आहे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी मी एक अगदी आधुनिक आणि जरासे तेलकट उदाहरण घेणार आहे. वाङ्मयाच्या पत्रिकेत इंजिनाचे काय काम, असे कोणी म्हणेल. परंतु विचाराला विटाळ नसतो.

मातीच्या, चढउतारांच्या, मुद्दाम खाचखळगे ठेवलेल्या बंदिस्त मार्गावरील मोटारसायकलींच्या शर्यतीला मोटोक्रॉस म्हणतात. तिच्यात ८५ सीसीचा एक वर्ग असतो आणि त्यात साधारणतः नऊ-दहा ते चौदा-पंधरा वर्षांची मुले उतरतात. गाडी दिसायला खेळण्यासारखी. यामाहाच्या वायझेड ८५ या गाडीच्या सिलिंडरचा व्यास अवघा ४७.५ मिलिमीटर. तुलनेसाठी आपल्या ओळखीची आरएक्स १०० घ्यावी. १९८५ ते १९९६ या काळात आपल्याकडे तयार होणाऱ्या त्या गाडीच्या ९८ सीसीच्या इंजिनातून ११ अश्वशक्ती मिळत असे, आणि तिच्या ‘पिकअप’चे कौतुक बेळगाव काय नि इंदूर काय, जुने मिस्त्री अजून करतात. मुलांच्या या शर्यतीच्या गाडीचे इंजिन तिच्याहून लहान, परंतु शक्ती तिच्या दुपटीच्या घरात. इतके असूनही गाडी घेतल्यावर थोड्याच दिवसांत बहुतेक पालकांची मागणी एकच असते: हिची ताकद वाढवून द्या.

मागणी निर्दोष दिसते. तिच्यात कोणता प्रश्न दडला आहे, हे कळण्यासाठी ही शक्ती येते कोठून ते पाहिले पाहिजे.

टू-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला एक स्फोट होतो. वर झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीतच वाटा ठेवलेल्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात, आणि वर-खाली होणारा पिस्टनच त्या उघडतो आणि झाकतो. जळका वायू बाहेर पडत असतानाच ताजे मिश्रण आत येत असल्यामुळे ताज्यातले काही जळक्याच्या संगतीने निसटून जाते. हा या इंजिनाचा जन्मदोष. पूर्व जर्मनीतील त्शोपाऊ येथील एमझेड कारखान्याचे अभियंता वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात या दोषावर जो उपाय परिपूर्णतेस नेला, तो मला आजही एखाद्या सुंदर प्रमेयासारखा वाटतो. कल्पना सर्वस्वी त्यांची नव्हती. तिला नेमकेपणा मात्र त्यांनी दिला. सायलेन्सरची नळी आधी रुंदावत न्यावयाची आणि मग निमुळती करावयाची. स्फोटानंतर नळीतून धावणारी दाबाची लाट रुंदावत्या भागावरून परतते ती ओढ घेऊन, आणि सिलिंडर रिकामे करून ताज्या मिश्रणाला आत खेचते. निमुळत्या भागावरून परतते ती रेटा घेऊन, आणि निसटलेले ताजे मिश्रण पोर्ट मिटण्यापूर्वी पुन्हा आत लोटते. १९६१ मध्ये त्यांच्या १२५ सीसीच्या इंजिनाने २५ अश्वशक्ती दिली. बाहेरून हवा न कोंबता लिटरमागे २०० अश्वशक्तीचे प्रमाण तोवर कोणी गाठले नव्हते.

पण लाट घड्याळाप्रमाणे चालते आणि इंजिन स्वाराच्या मनाप्रमाणे. मिनिटाला १०,००० फेरे होत असतील तर एक फेरा सहा सहस्रांश सेकंदात पुरा होतो आणि बाहेरचा पोर्ट त्यातील निम्मा वेळ, म्हणजे तीन सहस्रांशांच्या थोडा वर, उघडा असतो. तापलेल्या वायूत लाटेचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास. तेवढ्या अवधीत ती जाऊन-येऊन दीड मीटरभर अंतर काटते. म्हणून नळीची लांबी पाऊण-एक मीटरच्या दरम्यान धरावी लागते. आता फेरे ७,००० वर आले तर? नळी तीच, लाटेचा वेग जवळजवळ तोच. ती फार लवकर परतते आणि ताज्या मिश्रणाऐवजी जळका वायूच आत लोटते. जी लाट वर शक्ती देत होती तीच खाली शक्ती खाते. मण्याचे उदाहरण देणाऱ्या मीमांसकाला हे फार आवडले असते.

म्हणून या इंजिनाची कमाल शक्ती जितकी वाढवावी तितका तिचा पट्टा अरुंद होत जातो. याची परिसीमा १९६७ मध्ये सुझुकीने गाठली. तिच्या ५० सीसीच्या दोन सिलिंडरांच्या शर्यतीच्या गाडीला चौदा गिअर होते, कारण त्याहून कमी गिअरांत ते इंजिन आपल्या अरुंद पट्ट्यात राहूच शकत नव्हते. पुढे नियमांनीच त्या वर्गाला एक सिलिंडर आणि सहा गिअर अशी मर्यादा घातली. डांबरी मार्गावर चौदा गिअर खेळवणे ही निदान एक कला होती. चिखलाच्या वळणात, चाक घसरत असताना, बारा वर्षांच्या मुलाने काय करावे?

येथे थोडा हिशेब करणे भाग आहे. गिअर वर टाकला की इंजिनाचे फेरे सुमारे पाचव्या हिश्श्याने घसरतात. ११,५०० चे ९,२०० होतात. समजा, एका इंजिनाची कमाल शक्ती २६ अश्वशक्ती आहे, परंतु ते १०,५०० फेऱ्यांनंतर जागे होते. दुसऱ्याची २४ च आहे, पण ते ८,५०० पासून ओढू लागते. पहिल्यावर बसलेला मुलगा गिअर बदलताच पट्ट्याच्या खाली कोसळतो. इंजिन दम टाकते. तो घाबरून क्लच दाबतो, फेरे चढवतो, आणि मग सारी शक्ती एकदम येते व मागचे चाक बाजूला पळते. दुसऱ्यावरचा मुलगा काही न करता पुढे निघून गेलेला असतो. कागदावर पहिले इंजिन दोन अश्वशक्तींनी थोर आहे. मातीवर त्या दोन अश्वशक्ती आहेत कोठे?

वापरता येईल अशी शक्ती वाढवावयाची तर जे फेरफार करावे लागतात, त्यांपैकी निम्मे ‘ताकद वाढवा’ म्हणणाऱ्या पालकाला आपली फसवणूक वाटावी असे असतात. बाहेरचा पोर्ट वर चढवण्याचा मोह आवरावयाचा, प्रसंगी सिलिंडरखालचे पॅकिंग पातळ करून सारे पोर्ट किंचित खाली आणावयाचे. नळी लांब घ्यावयाची. कार्बोरेटर मोठा बसवण्याऐवजी लहानच ठेवावयाचा, म्हणजे कमी फेऱ्यांवरही त्याच्या गळ्यातून हवा वेगाने वाहते आणि पेट्रोल नीट मिसळते. रीड व्हॉल्व्हच्या पाकळ्या मऊ घ्यावयाच्या. हेड मोजून-मापून घासून दाब थोडा वाढवता येतो. मात्र अति केल्यास इंजिन ठोके देऊ लागते आणि पिस्टन जळतो. आणि या सर्वांहून विलक्षण म्हणजे फ्लायव्हीलला वजन जोडणे. त्याने अश्वशक्ती कणभरही वाढत नाही. उलट इंजिन फेरे पकडावयास अधिक वेळ घेते. पण नेमक्या त्या संथपणामुळे चाक माती धरून राहते आणि गाडी वळणातून वेगाने बाहेर पडते. शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर ज्याची नोंदही होत नाही असा लोखंडाचा एक तुकडा गाडीला पुढे काढतो, ही गोष्ट नैयायिकाच्या बाजूने दिलेली साक्षच मानली पाहिजे. कार्य सामग्रीने घडते. इंजिन हा त्या सामग्रीतील एक घटक, माती दुसरा, आणि मुलाचे मनगट, त्याचा थकवा, त्याची भीती हा तिसरा.

तर मग कमाल शक्तीचा आकडा हवा असतो कोणाला? तो शर्यतीच्या आदल्या दिवशी तंबूत, चहा पिताना कामास येतो. आकडा सांगता येतो, ऐकता येतो, दुसऱ्याच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. पट्ट्याची रुंदी सांगता येत नाही. ती जो बसतो त्यालाच कळते. आकड्याचा उपभोग पालक घेतो आणि त्याची किंमत मुलगा मोजतो, एवढी ही वाटणी स्पष्ट आहे. येथे किंमत म्हणजे मानहानी एवढाच अर्थ नाही. मोडलेले मनगट आणि निखळलेला खांदा हेही तिच्यात येतात. म्हणून इंजिनात फेरफार करणे ही तांत्रिक कृती असतानाच नैतिक कृतीही होते. (वर्गाची मर्यादा ओलांडून गुपचूप मोठे सिलिंडर बसवणाऱ्यांविषयी मी लिहीत नाही. तो सरळ खोटेपणा आहे; त्यात विचार करण्यासारखे काही नाही.)

यावर एक आक्षेप असा की, अवघड वस्तूशी झुंजल्यावाचून माणूस वाढत नाही. अरुंद पट्ट्याच्या गाड्यांवरच पूर्वीचे निष्णात स्वार तयार झाले. सोपी गाडी देऊन आपण मुलाला दुबळे ठेवीत नाही काय? आक्षेपात तथ्य आहे, परंतु त्याचे उत्तर अ‍ॅरिस्टॉटलने देऊन ठेवले आहे. दहा शेर अन्न फार आणि दोन शेर थोडे, म्हणून गुरू प्रत्येकाला सहा शेर देत नाही, असे तो म्हणतो. सहा शेर मायलोसारख्या मल्लाला कदाचित कमी पडेल आणि नुकताच आखाड्यात उतरलेल्याला जास्त होईल. मध्यम मार्ग वस्तूचा नसून आपल्या संदर्भातला असतो. मायलोही कधी काळी नवशिका होता आणि त्याचे अन्न क्रमाने वाढले असणार.

दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो. ज्याला जेवढे पेलेल तेवढेच द्यावे, हा आपल्याकडील अधिकारभेदाचाच सिद्धान्त झाला, आणि त्या सिद्धान्ताच्या नावाखाली किती पिढ्यांना विद्येच्या दारातून परत पाठवले गेले, हे सांगावयास नको. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, ते कोणाचा अधिकार तपासून केले नाही. मग मुलाला काय पेलेल हे ठरवणारा मिस्त्री तरी त्या दारावरच्या पहारेकऱ्याहून वेगळा कसा?

मला दोन ठिकाणी वेगळेपण दिसते. पहारेकरी माणसाविषयी निर्णय देत होता आणि त्याला पडताळा नको होता. जन्म पाहिला की काम झाले. येथे पडताळा दर फेरीला होतो आणि तो मुलाच्याच तोंडून येतो. ‘खालून ओढत नाही’, ‘वळणात एकदम येते’ अशा त्याच्या मोडक्या वाक्यांतून मिस्त्रीला पोर्टची उंची वाचावी लागते. दुसरे असे की, तेथे रोखले जात होते; पोचणारे वाढत नव्हते. येथे कमाल आकडा दोनाने उतरला तरी मुलाच्या हाती प्रत्यक्ष येणारी शक्ती वाढलेली असते, आणि ती वाढली की नाही हे कोणालाही घड्याळ लावून पाहता येते. घड्याळाने नाही म्हटले तर मिस्त्रीचा युक्तिवाद कितीही सुंदर असो, तो मागे घेतला पाहिजे. तरीही ही रेषा बारीक आहे, आणि ‘त्याला झेपणार नाही’ असे मुलाला न विचारता म्हणणारा पालक ती रोज ओलांडत असतो. आकड्याच्या मोहात पडलेल्या पालकाइतकाच तोही मला धोक्याचा वाटतो.

म्हणूनच चांगल्या मिस्त्रीच्या कामाचा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. तो आधी मागचे स्प्रॉकेट एक-दोन दातांनी मोठे करून पाहतो. मग फ्लायव्हीलचे वजन, मग रीडच्या पाकळ्या, मग नळी. यांतले सारे काही पान्याने पुन्हा पूर्ववत करता येते. पोर्ट घासणे तो सर्वांत शेवटी ठेवतो, कारण घासलेला धातू परत येत नाही. आणि मुलगा मात्र दर वर्षी चार बोटे उंच होत असतो.

पोर्टची उंची कमी फेऱ्यांवर खाली आणि अधिक फेऱ्यांवर वर, अशी आपोआप बदलणारी झडप यामाहाने आपल्या ५०० सीसीच्या शर्यतीच्या गाडीवर १९७७ मध्येच वापरली होती. जगातील सर्वांत कुशल स्वारांना तिच्यामुळे रुंद पट्टा मिळाला. १९८० च्या दशकात ती मोठ्यांच्या मोटोक्रॉस गाड्यांवर आली. त्याच कंपनीच्या मुलांच्या वायझेड ८५ वर ती बसली २०१९ च्या गाडीत, पहिल्या वापरानंतर बेचाळीस वर्षांनी. एवढ्या लहान सिलिंडरात ती बसवणे खर्चाचे आणि किचकट आहे, हे खरे. परंतु जुन्या, झडप नसलेल्या गाड्या पुष्कळ मुलांकडे अजून आहेत, आणि त्यांच्या सिलिंडरवर घासणीचे यंत्र टेकवण्यापूर्वी कोणाला तरी मुलाला विचारावेच लागते, की बाळ, वळणातून बाहेर पडताना गाडी नेमकी कोठे दम टाकते.