‘हो’ म्हणजे काय?



आपल्या धर्मग्रामातील एक तरुण व्हिएतनाममध्ये, हो ची मिन्ह सिटीत नोकरीला आहे. नाताळात घरी आला तेव्हा म्हणाला, “फादर, माणसं प्रेमळ, पण खोटं बोलतात.”

त्याने हाताखालच्या मुलाला विचारले होते, “शुक्रवारपर्यंत काम होईल ना?” मुलगा म्हणाला, “या.” (हा तिकडचा शब्द, आपला नव्हे.) शुक्रवारी काम तसेच पडलेले. याने त्याला चारचौघांत खोटारडा म्हटले. तेव्हापासून तो मुलगा अदबीने वागतो, पण अडचण मात्र एकही सांगत नाही.

संत ऑगस्टीन यांच्या मते, फसवण्याच्या हेतूशिवाय खोटे होत नाही. तिकडे वडीलधाऱ्यांशी बोलताना आधी ‘या’ म्हणायचे, अशी रीत आहे. त्याचा अर्थ पुष्कळदा ‘ऐकतोय, साहेब’ एवढाच. पहिल्या भेटीतच वय विचारतात, याचाही आपल्या तरुणाला राग यायचा. पण समोरचा ‘आन्ह’, म्हणजे दादा, की ‘एम’, म्हणजे धाकटा, हे कळल्याशिवाय तिकडे नीट बोलताच येत नाही. आपले ‘तू’ की ‘तुम्ही’ त्यापुढे सोपे!

तरीही मुलाला मी पूर्ण निर्दोष म्हणणार नाही. साहेब याला होकार समजले, हे उमगूनही तो गप्प राहिला असेल, तर ती फसवणूकच. परंतु ते न विचारता साहेबाने निकाल दिला, तोही सर्वांसमोर.

“परत गेल्यावर त्याची एकांतात माफी माग,” मी म्हणालो.

“हो, फादर,” तो म्हणाला.